विज्ञानपटातली आपली जमीन

स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' (1977) या चित्रपटातला एक प्रसंग भारतात घडतो. पडद्यावर धर्मशाला, उत्तर भारत अशी पाटी येते. उघड्या माळावर शेकडो माणसं बसली आहेत आणि पाच सुरांची एकच ओळ पुन्हा पुन्हा आळवताहेत. फ्रेंच शास्त्रज्ञाच्या भूमिकेतला फ्रान्स्वा त्रूफो ती टिपून घेतोय. हे सूर आले कुठून, असं गर्दीला विचारलं जातं आणि त्याच क्षणी शेकडो हात वर जातात, बोटं आकाशाकडे रोखली जातात. यान दिसत नाही, परग्रहवासी दिसत नाहीत, झगमगाट नाही. तरी अंगावर काटा येतो.

हा प्रसंग हिमाचलात चित्रित झालेला नाही. तो झाला खालापूरजवळच्या हाळ गावात, मुंबईपासून पन्नास-साठ किलोमीटरवर. तेव्हा तो कुलाबा जिल्हा होता, आज रायगड. जगभर गाजलेल्या एका विज्ञानपटात सह्याद्रीच्या पायथ्याची माती आहे, फक्त ती दुसऱ्या गावाच्या नावाने आहे. दिग्दर्शकाला श्रद्धाळू गर्दी हवी होती आणि मोकळं आकाश हवं होतं. ते मुंबईच्या जवळ मिळालं. हाळच्या माणसांना त्या सुरांविषयी काय वाटलं असतं, त्यांच्या शेताला किंवा देवाला त्यातून काय झालं असतं, हे कथेने विचारलं नाही आणि तिला विचारायची गरजही नव्हती.

भारतीय विज्ञानपटांकडे पाहताना मला हाच प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पडद्यावर आपली जमीन दिसते की नाही, हा भाग सोपा आहे. ती कथेत काही काम करते का? गाव बदललं तर गोष्ट मोडेल का? या कसोटीवर आपले बहुतेक विज्ञानपट नापास होतात. जे पास होतात, त्यांच्यातला एक तर बनलाच नाही.

तो सत्यजित राय यांचा 'द एलियन'. राय यांनी 1962 साली 'बंकुबाबूर बंधू' ही कथा लिहिली आणि तिच्याच बीजावरून 1967 साली इंग्रजी पटकथा तयार केली. कोलंबिया कंपनी पैसे घालायला तयार होती, पीटर सेलर्सने मारवाडी व्यापाऱ्याची भूमिका करावी असं ठरत होतं. बंगालमधल्या एका खेड्यात कमळांच्या तळ्यात यान पडतं. त्याचा वरचा भाग पाण्याबाहेर येतो आणि गावकऱ्यांना वाटतं, बुडालेलं देऊळ वर आलं. पूजा सुरू होते. व्यापाऱ्याला तिथे संगमरवराचं मंदिर बांधायचं आहे, आणि अमेरिकन इंजिनिअर दुष्काळी भागात कूपनलिका खोदायला आला आहे. तळं, दुष्काळ, श्रद्धा आणि पैसा या चारही गोष्टी त्या गावच्याच आहेत. हे यान नेवाडात उतरवलं तर पटकथेचं एक पानही उभं राहत नाही. चित्रपट रखडला आणि अखेर बारगळला. 'ई. टी.' (1982) आल्यावर राय यांनी उघडपणे सांगितलं की त्यांच्या पटकथेच्या प्रती अमेरिकेत फिरल्या नसत्या तर हा चित्रपट झाला नसता. स्पीलबर्गने ते नाकारलं. तो वाद इथे उकरायचा नाही. एवढंच म्हणायचं आहे की भारतीय विज्ञानपट कसा असावा याचा नमुना 1967 सालीच कागदावर तयार होता, आणि नंतर आलेल्या कुणी तो फारसा उलगडून पाहिला नाही.

त्याआधी 1963 साली तमिळमध्ये एम. जी. रामचंद्रन यांचा 'कलै अरसी' आला होता. परग्रहावरची माणसं पृथ्वीवर येऊन गायिका भानुमतीला पळवून नेतात, कारण त्यांच्याकडे विज्ञान आहे पण संगीत नाही. तांत्रिक बाजू आज पाहताना बाळबोध वाटते, पण कल्पना अस्सल आहे. ज्या समाजाला आपल्या संगीताचा अभिमान आहे, तोच समाज अशी गोष्ट रचू शकतो. हिंदीत दारासिंगचा 'चाँद पर चढाई' (1967) माणूस चंद्रावर पोचायच्या दोन वर्षं आधी चंद्रावर गेला आणि तिथे कुस्ती खेळला. पुढे 'मिस्टर इंडिया' (1987) आला. अदृश्य करणारं घड्याळ ही निमित्तमात्र गोष्ट होती. अनाथ पोरं, रेशन, भेसळ, घरभाडं हे सगळं त्या काळच्या मुंबईचं होतं आणि म्हणूनच तो चित्रपट आजही लोकांच्या तोंडी आहे.

'कोई... मिल गया' (2003) नैनिताल-भीमतालच्या परिसरात चित्रित झाला. त्याला लोक सरसकट 'ई. टी.'ची नक्कल म्हणतात. मला त्यातली एक गोष्ट आवडते. त्यातल्या जादू नावाच्या परग्रहवासीला शक्ती उन्हातून मिळते आणि गोष्ट घडते डोंगराळ, धुक्याच्या गावात. ढग आले की तो दुबळा, ऊन पडलं की समर्थ. तिथे हवामान हे कथेतलं पात्र झालं आहे. 'रा.वन' (2011) आणि 'क्रिश 3' (2013) यांत मुंबई फक्त मोडायला वापरली आहे. 'पीके'मधला (2014) परग्रहवासी राजस्थानच्या वाळवंटात उतरतो, पण तिथून कथा दिल्लीला जाते आणि वाळवंट मागे राहतं. क्रिस्टोफर नोलनने 'टेनेट'साठी 2019 साली मुंबईत चित्रण केलं. गेटवेच्या परिसरातली ती दृश्यं देखणी आहेत आणि तिथल्या तिथे संपतात.

अलीकडच्या दोन चित्रपटांत वेगळा प्रयत्न दिसतो. आरती कडव यांच्या 'कार्गो'त (2019) 'पुष्पक 634 ए' नावाच्या यानात राक्षस नोकरी करतात. मेलेल्या माणसांना पुढच्या जन्मासाठी तयार करणं हे त्यांचं काम. रोजची हजेरी, नवी शिकाऊ मुलगी, निवृत्तीला आलेला एकटा कर्मचारी, असं सगळं एखाद्या सरकारी कचेरीसारखं चालतं. पुनर्जन्माची कल्पना लहानपणापासून अंगात मुरलेल्या माणसालाच हे सुचतं. दुसरा, नाग अश्विनचा 'कल्कि 2898 एडी' (2024). त्यात पृथ्वीवरचं शेवटचं शहर काशी आहे आणि गंगा आटलेली आहे. लढायांच्या गदारोळात तो चित्रपट भरकटतो, पण आटलेली गंगा ही एकच प्रतिमा भारतीय प्रेक्षकाला जे सांगते, ते कुठल्याही बेचिराख न्यूयॉर्कला सांगता येणार नाही.

आता मराठीकडे यावं. दुःख इथे आहे.

मराठी माणसाच्या सिनेमाची सुरुवातच विज्ञानाने झाली. 'राजा हरिश्चंद्र' (1913) करण्याआधी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा वेल कसा वाढतो ते थोडं थोडं टिपत 'अंकुराची वाढ' हा लघुपट केला. भांडवल देणाऱ्याला या नव्या माध्यमाची ताकद पटावी म्हणून. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट कॅमेऱ्याने दिसती करायची, हीच विज्ञानपटाची मूळ प्रेरणा. ती आपल्याकडे 1912 साली होती.

कागदावर तर आपण श्रीमंत आहोत. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा नारायण विनायक जगताप या नावाने आली आणि पहिली ठरली. आद्याक्षरं उलटी वाचली की खरा लेखक सापडतो: जयंत विष्णु नारळीकर. पुढच्या वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या लेखनाची आवर्जून दखल घेतली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे, अरुण मांडे अशी फळीच्या फळी उभी राहिली. नारळीकर 20 मे 2025 रोजी गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्या खगोलशास्त्राइतकीच त्यांच्या कथांची आठवण काढली.

या कथा कशा आहेत पाहा. 'हिमप्रलय'मध्ये मुंबईत बर्फ पडतो. 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेचा पाया डाव्या-उजव्याची अदलाबदल हा भूमितीतला प्रश्न आहे, पण तो उभा राहतो गणपतीच्या सोंडेवर, म्हणजे मराठी घरातलं पोरही ज्यातला फरक ओळखतं त्या गोष्टीवर. आणि 'गंगाधरपंतांचे पानिपत'. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गाडीने मुंबईला निघतात आणि पोचतात अशा मुंबईत, जिच्या इतिहासात मराठे पानिपत जिंकले आहेत. पंत एशियाटिकच्या ग्रंथालयात बसून आपल्याच देशाचा वेगळा इतिहास वाचतात. संध्याकाळी आझाद मैदानावर एका सभेत रिकामी अध्यक्षीय खुर्ची पाहून व्यासपीठावर चढतात आणि जमाव खवळतो. पानिपताची जखम ज्यांच्या म्हणींत आणि बखरींत आहे, त्यांच्यासाठी ही गोष्ट आहे. ती गेली अनेक वर्षं अकरावीच्या इंग्रजी पुस्तकातून देशभरची मुलं वाचताहेत. चित्रपटगृहात मात्र ती पोचली नाही. तिला यान लागत नाही, राक्षस लागत नाही. एक रेल्वेगाडी, एशियाटिकचा टाउन हॉल आणि एक मैदान लागतं. तिन्ही दक्षिण मुंबईत चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

मराठी पडद्यावर अद्भुत नाही असं नाही. ते भूत, मंत्र किंवा वर या वाटेने येतं. 'झपाटलेला'तला (1993) बाहुला मंत्राने जिवंत होतो; 'अगं बाई अरेच्चा!'मध्ये (2004) बायकांच्या मनातलं ऐकू येतं ते देवीच्या कृपेने. दोन्ही चित्रपट मला मनापासून आवडतात. पण यंत्र, प्रयोग, गणित यांतून गोष्ट रचणारा मराठी चित्रपट शोधू गेलं तर सुजय डहाके यांचा 'फुंतरू' (2016) चटकन आठवतो आणि पुढे गाडी अडते. 'फुंतरू' इंजिनिअरिंग कॉलेजातली प्रेमाची आणि तंत्रज्ञानाची गोष्ट सांगतो. धाडस म्हणून त्याचं मोल आहे, पण ती गोष्ट कुठल्याही राज्यातल्या कुठल्याही कॉलेजात घडली असती.

कारण विचारलं की लगेच पैशाचं उत्तर येतं: आपलं बजेट केवढं, व्हीएफएक्स कुठून आणायचे? मला हे उत्तर पुरं पटत नाही. आंद्रेई तारकोव्स्कीचा 'स्टॉकर' (1979) एस्टोनियात टॅलिनच्या आसपास, जुन्या वीजकेंद्राच्या पडक्या आवारात झाला. परग्रहवासी येऊन गेलेला निषिद्ध प्रदेश त्याने दाखवला तो गवत, साचलेलं पाणी आणि गंजकं लोखंड एवढ्याच सामग्रीवर. ब्राझीलच्या 'बाकुराऊ'मध्ये (2019) रखरखीत मुलखातलं एक खेडं एका सकाळी नकाशावरून गायब होतं. गाव वाचतं ते गावच्याच छोट्या संग्रहालयात टांगलेल्या जुन्या बंदुकांनी. हे चित्रपट श्रीमंतांचे नाहीत. त्यांच्या लेखकांना आपला मुलूख पाठ आहे.

हे सगळं मला मुंबईतल्या खारदांडा या कोळीवाड्यापर्यंत आणायचं आहे, म्हणून मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो मात्र इशिरो होंडाचा 'गॉडझिला', नोव्हेंबर 1954 मधला मूळ जपानी. आपल्याकडे तो ठाऊक आहे तो इमारती तुडवणारा प्राणी म्हणून, पण चित्रपटाची सुरुवात होते समुद्रावरच्या बोटींनी. एका बोटीवर खलाशी निवांत बसलेत, समुद्र एकदम उजळतो, बोट पेटते. मग कथा जाते ओडो नावाच्या काल्पनिक बेटावर. तिथे जाळ्यात मासळी येत नाही म्हणून लोक हवालदिल. एक म्हातारा सांगतो, हे त्याचंच काम, पूर्वी अशा वेळी त्याला मुलगी अर्पण करत, आता नुसता नाच उरलाय. तरुण मंडळी त्याला हसतात. त्या रात्री वादळ येतं.

या कथेच्या मागे खरी बोट आहे. 1 मार्च 1954 रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. दाइगो फुकुर्यू मारू ही जपानी बोट त्या वेळी दूरवर ट्यूना पकडत होती. बोटीवरच्या 23 जणांवर पांढरी किरणोत्सारी राख पडली; त्यांच्यातला रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरात गेला. मासळीबाजारात घबराट झाली, लोक ट्यूना खाईनात. आठ महिन्यांत चित्रपट पडद्यावर होता. बॉम्ब, मासळी, कोळ्यांचा जुना समज आणि बेटावरचा नाच हे सगळं एकत्र आलं, म्हणून तो राक्षस जपानचा झाला.

खारदांड्यात उभं राहून हे आठवलं की जीव तुटतो, कारण इथे काय नाही? खार पश्चिमेच्या टोकाला, कार्टर रोडच्या उत्तरेला हा कोळीवाडा आहे. एका बाजूला बोटी, वाळत घातलेले बोंबील आणि तिवरं, दुसऱ्या बाजूला अतिशय महागडी घरं. समोर पाण्यात वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचं काम. दक्षिणेला 2009 साली सुरू झालेला वांद्रे-वरळी सेतू. जून-जुलैत मासेमारी बंद, श्रावणात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ आणि मग पुन्हा बोटी पाण्यात. आज तांडेलच्या हाताशी जीपीएस असतं, मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज येतो, आणि जाळ्यात मासळीच्या बरोबरीने प्लास्टिक येतं. कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळतोय. नील ब्लोमकॅम्पने 'डिस्ट्रिक्ट 9' (2009) मध्ये परग्रहवासीयांना जोहान्सबर्गच्या झोपडपट्टीत ठेवलं आणि वर्णभेदाच्या काळातल्या सक्तीच्या विस्थापनाची गोष्ट सांगितली. जमीन कुणाची, हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर तितकाच धारदार आहे.

आणि इथे एक गोष्ट आहे जी मला कुठल्याही व्हीएफएक्सपेक्षा मोलाची वाटते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना भरतीची वेळ काढायला तक्ता लागत नाही. तिथी घ्यायची आणि पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. अमावस्या-पौर्णिमेला दुपारी-मध्यरात्रीच्या आसपास, आणि ती उधाणाची; अष्टमीची ती भांगाची, कमी पाण्याची. हा ठोकताळा चालतो कारण चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा माथ्यावर येतो आणि पाणी त्याच्या मागोमाग येतं. आता कल्पना करा, एका पंचमीला पाणी पावणेचारला आलं नाही. साडेचारला आलं. दुसऱ्या दिवशी आणखी मागे. वेधशाळेतल्या कुणाच्या लक्षात यायच्या आधी बोट बाहेर काढायला उभ्या असलेल्या तांडेलाला कळतं की चंद्राचं काहीतरी बिनसलंय. पंचांगकर्ते, शास्त्रज्ञ, सेतूचे इंजिनिअर, मासळी विकायला निघालेल्या बायका, प्रत्येकाला ते वेगळ्या कारणाने जाणवेल. हा विज्ञानपट दुसऱ्या कुठे घडणारच नाही.

महाराष्ट्रात अशा जागा आणखी आहेत. बुलढाण्याचं लोणार सरोवर उल्काघाताने झालं, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा खड्डा, तोही बेसाल्ट खडकात. चंद्राच्या आणि मंगळाच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञ तिथे येतात. लवणासुराचा वध विष्णूने इथे केला अशी कथा आहे आणि गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहे. 2020 च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. आकाशातून पडलेला दगड आणि आकाशातून उतरलेला देव एकाच काठावर आहेत.

दुसरी जागा नारायणगावजवळचं खोडद. तिथे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना द्राक्षांच्या आणि कांद्याच्या शेतांमध्ये पसरल्या आहेत. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही महाकाय रेडिओ दुर्बीण अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी ऐकते. आणि त्याच नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात. यात्रांच्या हंगामात फडांच्या राहुट्या तिथे पडतात, गावोगावचे पुढारी सुपाऱ्या द्यायला येतात. 'कलै अरसी'तल्या परग्रहवासीयांना गाणं हवं होतं. ढोलकीची थाप आणि त्या तबकड्या यांच्यामध्ये काही किलोमीटरांचं अंतर आहे, आणि अजून कुठल्याही पटकथाकाराने ते ओलांडलेलं नाही.

व्हीएफएक्सचा प्रश्न आपल्या दारातच सुटलेला आहे. 1997 साली मुंबईत सुरू झालेल्या प्राइम फोकस कंपनीचं कार्यालय खार पश्चिमेलाच, लिंकिंग रोडवर. 2014 साली ती ब्रिटनच्या डबल निगेटिव्हशी जोडली गेली. 'इंटरस्टेलर', 'ब्लेड रनर 2049', 'टेनेट', 'ड्यून' यांच्या दृश्यकरामतींना मिळालेली ऑस्कर डबल निगेटिव्हच्या नावावर आहेत, आणि 'ड्यून'च्या वाळूत मुंबईच्या उपनगरांत बसून काम करणाऱ्या कलाकारांचाही हात आहे. परक्या ग्रहाचं वाळवंट खरं वाटावं म्हणून ही मुलं रात्र रात्र जागतात. पंचमीला चुकलेली भरती त्यांना सहज दाखवता येईल.

अडलंय ते लेखनापाशी. असा चित्रपट लिहायचा तर पटकथाकाराला खारदांड्यात काही महिने राहायला हवं, पहाटे धक्क्यावर जायला हवं, मासळीच्या लिलावाचे आकडे आणि शिव्या दोन्ही समजायला हव्यात. पात्रांनी कोळी बोलीतच बोलायला हवं, पुस्तकी मराठीत मधूनच एखादं 'नाखवा' पेरून भागणार नाही. आणि विज्ञान तपासायला कुणी लागलंच, तर चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहे. पन्नास वर्षांपूर्वी तिच्या स्पर्धेला एका खगोलशास्त्रज्ञाने नाव बदलून कथा पाठवली होती. पुढची कथा एखाद्या तांडेलाच्या मुलीने स्वतःच्या नावावर पाठवायला हरकत नाही.